ऊती ओळखायच्या कशा: मटणाच्या नळीपासून बायोप्सीच्या रिपोर्टपर्यंत

पहिल्या वर्षाच्या मुलांच्या जर्नलमध्ये ऊतींच्या आकृत्या सुरेख असतात. एच अँड ई, म्हणजे स्लाइडच्या दोन नेहमीच्या रंगांच्या, पेन्सिलीने गुलाबी-जांभळ्या रंगवलेल्या, बाणांच्या रेघा पट्टीने ओढलेल्या. आणि तीच मुलं स्पॉटरच्या, म्हणजे स्लाइड बघून ओळखायच्या परीक्षेच्या, टेबलावर आयपीसला डोळा लावून घंटा होईपर्यंत गप्प उभी राहतात. कारण साधं आहे: पाठ केलेलं चित्र स्लाइडवर तसंच्या तसं कधीच समोर येत नाही. ऊती ओळखायला लागतात ते क्रमाने विचारलेले चार-पाच प्रश्न. त्या प्रत्येक प्रश्नाच्या मुळाशी एकच कुतूहल असतं, की ही जागा शरीरात नेमकं काय काम करते? घासणं सोसते, काही झिरपू देते, ओढ सहन करते, आकुंचन पावते की निरोप पोचवते? कामाचा अंदाज आला की रचना जवळजवळ आपोआप सुचते.

एका ठरावीक कामासाठी एकत्र आलेल्या पेशी आणि त्या पेशींच्या मधला पदार्थ मिळून ऊती होते. माणसाच्या शरीरात तिचे चार मुख्य गट: अभिस्तर म्हणजे एपिथेलियम, संयोजी म्हणजे कनेक्टिव्ह टिश्यू, स्नायू आणि चेता. शाळेत मराठी नावं शिकतो, कॉलेजात इंग्रजी, म्हणून इथे दोन्ही वापरली आहेत. व्याख्येतला 'मधला पदार्थ' मात्र नीट लक्षात ठेवा, पुढे निम्मी ओळख त्याच्यावरच पटणार आहे.

आधी हातात घेऊन बघा

झाविए बिशा (१७७१–१८०२) हा फ्रेंच शरीररचनातज्ज्ञ तिसाव्या वर्षी गेला. तेवढ्या आयुष्यात त्याने माणसाच्या शरीरातल्या २१ प्रकारच्या ऊती वेगळ्या काढल्या, त्याही मायक्रोस्कोपशिवाय. त्या काळच्या भिंगांवर त्याचा विश्वास नव्हता. तो ऊती उकळायचा, सुकवायचा, कुजवायचा, आम्लात टाकायचा आणि प्रत्येक वेळी काय फरक पडतो ते बघायचा. ही पद्धत आजही घरी करता येते आणि सुरुवात तिथूनच करावी असं माझं ठाम मत आहे.

मटणाच्या दुकानातून सांध्याचं टोक असलेली नळी आणा. टोकावरचा निळसर पांढरा, गुळगुळीत, ओलसर थर म्हणजे कास्थी, कूर्चा. सुरीने त्याची पातळ कापटी निघते, हाडाची निघत नाही. त्याच्या खाली जाळीदार हाड आणि मधल्या दांड्यात घट्ट हाड. आतली मऊ मज्जा, जिच्यासाठी नळी चोखली जाते, तिच्यात चरबीयुक्त ऊती भरपूर असते. हाडाच्या अंगावरून सुरीने खरवडून सुटणारा चिवट पापुद्रा म्हणजे अस्थिवेष्टन. हाड मोडलं की त्याला जोडणाऱ्या नव्या पेशींतल्या पुष्कळशा इथूनच येतात. मांस जिथे संपतं तिथे ते चमकदार पांढऱ्या दोरीत उतरतं, ती स्नायुरज्जू. हाडाला हाड बांधणारा पट्टा तो अस्थिबंध. मांसाच्या दोन पेंडांमधला पारदर्शक पडदा हीसुद्धा संयोजी ऊतीच. मांस शिजल्यावर त्याचे लांब धागे सुटतात, ते पट्टकी, म्हणजे आडव्या पट्ट्यांच्या, स्नायूंचे जुडगे. म्हणजे एका नळीत संयोजी ऊतीचे बहुतेक प्रकार आणि वर एक स्नायू मिळाला. चेता ऊती बघायची तर भेजा घ्या. तो इतका मऊ का? त्यात पेशी आणि त्यांचे तंतू आहेत, पण त्यांना आवळून धरणारं कोलॅजन हे चिवट प्रथिन जवळजवळ नाही.

आता उकळा. पाया तीन-चार तास मंद आचेवर ठेवला की दोरीसारखी स्नायुरज्जू लिबलिबीत होते आणि गार झालेला रस्सा थिजतो. कोलॅजनचे तीन पेडांचे रेणू उष्णतेने उलगडून त्यांचं जिलेटिन झालेलं असतं. मानेच्या तुकड्यातला पिवळसर पट्टा मात्र कितीही शिजवा, चावत नाही. तो इलॅस्टिनचा आहे, आणि इलॅस्टिन पाण्यात उकळून विरघळत नाही. चरताना तासन् तास खाली जाणारी मान पुन्हा वर उचलायला शेळीला हा ताणून परत येणारा पट्टा मदत करतो. बिशाच्या पद्धतीचं इतकं चांगलं प्रात्यक्षिक दुसरं नाही.

तिसरा प्रयोग आम्लाचा. कोंबडीच्या तंगडीचं स्वच्छ हाड पांढऱ्या व्हिनेगरमध्ये आठवडाभर बुडवून ठेवा, मधे एक-दोनदा व्हिनेगर बदला. कॅल्शियमचे क्षार निघून जातात आणि हाड वाकायला लागतं. दुसरं हाड निखाऱ्यावर नीट जाळा. आकार तसाच राहील, पण बोटाने चुरा होईल, कारण आता क्षार आहेत आणि कोलॅजन जळून गेलं आहे. मुडदूस झालेल्या मुलाचे पाय का वाकतात, हे व्हिनेगरमधल्या हाडाकडे बघून कळतं.

गालाची स्लाइड

शाळेत सगळे करतात तो प्रयोग, पण नीट करणारे थोडे. चूळ भरा. टूथपिकच्या बोथट टोकाने गालाची आतली बाजू हलकेच खरवडा, रक्त येईपर्यंत नाही. स्लाइडवर सलाइनचा थेंब घेऊन त्यात ते पसरा, मेथिलीन ब्लूचा छोटा थेंब टाका, मिनिटभर थांबा. कव्हरस्लिप एका कडेने टेकवून हळूहळू आडवी करा, एकदम वरून टाकली तर बुडबुडे अडकतात. काळ्या जाड कडेचे अचूक गोल दिसले तर ते बुडबुडेच, पेशी नव्हेत. जास्तीचा रंग टिपकागदाने कडेने शोषून घ्या. वापरलेली टूथपिक ब्लीचमध्ये टाका.

चपट्या, वेड्यावाकड्या कडांच्या, काही ठिकाणी दुमडलेल्या पेशी आणि मध्ये एक गडद निळं केंद्रक दिसेल. आता एक सावधगिरी. या स्लाइडखाली जर्नलमध्ये अनेकदा 'सरल पट्टकी अभिस्तर' लिहिलेलं सापडतं. सरल म्हणजे एकच थर, आणि अभिस्तराच्या नावात पट्टकी म्हणजे चपट्या पेशींची (स्क्वॅमस). ते बरोबर नाही. गालाचं अस्तर अनेक थरांचं आहे. तुम्ही खरवडून काढलेल्या पेशी त्यातल्या सर्वांत वरच्या आहेत. खरवडून केलेली स्लाइड पेशीचा आकार सांगते, थरांची संख्या सांगू शकत नाही.

स्लाइडवर नेमकं काय उरतं

कॉलेजातली स्लाइड वेगळ्या मार्गाने येते. ऊतीचा तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात, अल्कोहोलने त्यातलं पाणी काढतात, झायलीनमधून नेऊन पॅराफिन मेणात बसवतात आणि मायक्रोटोमवर साधारण ४ ते ५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचे काप घेतात. मग हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन हे दोन रंग, म्हणजेच एच अँड ई. लॉगवूड नावाच्या मध्य अमेरिकेतल्या झाडाच्या गाभ्यापासून मिळणारं हिमॅटॉक्सिलिन केंद्रकाला निळं-जांभळं करतं. इओसिन पेशीद्रव, कोलॅजन, स्नायू आणि तांबड्या पेशींना गुलाबी करतं.

या प्रवासाचे परिणाम माहीत नसले तर फसायला होतं. झायलीन आणि अल्कोहोल चरबी विरघळवतात, म्हणून चरबीच्या पेशी रिकाम्या पांढऱ्या गोलांसारख्या दिसतात. पाणी काढताना ऊती आकसते, म्हणून थरांच्या मधे फटी पडतात, त्या शरीरात नव्हत्या. आणि काप कोणत्या दिशेने घेतला आहे यावर सगळंच बदलतं. भेंडी आडवी चिरली तर पाच कप्प्यांचं चाक मिळतं, उभी चिरली तर लांब पट्टे, तिरकी चिरली तर ज्याला भेंडी म्हणायला मन धजणार नाही असं काहीतरी. स्लाइडवर बहुतेक काप तिरके असतात. एकाच क्षेत्रात स्नायू काही ठिकाणी पट्टीसारखा आणि काही ठिकाणी गोल दिसला तर गोंधळू नका, दोन्ही तोच आहे.

मोजपट्टीही स्लाइडवरच मिळते. कुठलीशी रक्तवाहिनी शोधा आणि त्यातली तांबडी पेशी बघा, ती ७ ते ८ मायक्रॉनची. बाकी सगळं तिच्या मानाने मोजायचं.

बघण्याचा क्रम

स्लाइड आधी उजेडासमोर धरून नुसत्या डोळ्यांनी बघा. कापाचा आकार, पोकळी आहे का, एका कडेला जांभळा पट्टा आहे का. मग सर्वांत लहान ऑब्जेक्टिव्हने, ४ एक्सने, पूर्ण काप फिरून या. मुलं घाईने ४० एक्सवर जातात आणि गल्लीत उभं राहून गाव ओळखायचा प्रयत्न करतात. खालच्या ऑब्जेक्टिव्हवर जास्त वेळ घालवा, १० एक्सवर अंदाज बांधा, ४० एक्स फक्त अंदाज तपासायला. आणि ४० एक्सवर मोठा स्क्रू फिरवू नका, फक्त बारीक. लेन्स स्लाइडवर टेकते आणि काच तडकते, विभागातल्या चांगल्या स्लाइड्स अशाच संपतात.

प्रश्न असे. कापाला कुठे मोकळी कड आहे का, म्हणजे जिथे पेशी संपतात आणि पोकळी किंवा बाहेरची बाजू सुरू होते? पेशी एकमेकींना चिकटून आहेत की मधे पुष्कळ पदार्थ आहे? केंद्रकं कोणत्या आकाराची आणि पेशीत कुठे? आडवे पट्टे दिसतात का? एवढ्यावर गट ठरतो. मोकळ्या कडेला चिकटून उभ्या पेशी म्हणजे अभिस्तर. पेशी विखुरलेल्या आणि मधला पदार्थ जास्त म्हणजे संयोजी. लांब गुलाबी पेशी जवळजवळ, एका दिशेने, म्हणजे बहुधा स्नायू. मोठी फिकट केंद्रकं, त्यात ठळक केंद्रिका आणि भोवती बारीक तंतूंचं जाळं म्हणजे चेता.

अभिस्तर: कडेवरची पेशी

या ऊतीत रक्तवाहिन्या नसतात. ती ज्या पातळ पडद्यावर उभी असते त्या आधारपटलाखालच्या संयोजी ऊतीतून पोषण झिरपत वर येतं. म्हणून नुसतं खरचटून वरचा थर निघाला तर पाण्यासारखं झिरपतं. रक्त आलं म्हणजे तुम्ही अभिस्तर ओलांडून खाली पोचलात.

नाव देताना दोनच निर्णय घ्यायचे: थर एक की अनेक, आणि सर्वांत वरच्या थरातल्या पेशींचा आकार काय. 'सर्वांत वरच्या' हे विसरल्यामुळे सर्वाधिक गुण जातात. त्वचेच्या तळाच्या पेशी चौकोनी किंवा उभट असतात, तरी ती स्तरित पट्टकीच, कारण वरच्या चपट्या आहेत. दुसरी युक्ती अशी की पेशींच्या सीमा या रंगात क्वचितच नीट दिसतात, म्हणून केंद्रकं वाचा. चपटं केंद्रक म्हणजे चपटी पेशी, गोल म्हणजे घनाभ, उभं लांबट म्हणजे स्तंभीय.

एकच चपटा थर जिथे काही झपाट्याने आरपार जायचं असतं तिथे सापडतो. फुप्फुसातल्या वायुकोशाची चपटी पेशी, केशवाहिनीची चपटी पेशी आणि दोघींचं एकत्र झालेलं आधारपटल मिळून पातळ जागी अंतर एका मायक्रॉनपेक्षाही कमी भरतं. ऑक्सिजनला एवढंच ओलांडायचं असतं. घनाभ पेशी मूत्रपिंडाच्या नलिकांत बघा. निकट नलिकेत पेशींवरच्या अतिबारीक सूक्ष्मांकुरांमुळे आतली कड पुसट, धूसर दिसते, दूरस्थ नलिकेत पोकळी स्वच्छ असते. सगळी मुलं इथे अडतात आणि सगळ्या परीक्षकांना हे विचारायला आवडतं. थायरॉइडमध्ये त्याच घनाभ पेशी कामात असल्या की उंच होतात, सुस्त असल्या की चपट्या.

स्तंभीय अभिस्तर जठरापासून मोठ्या आतड्याच्या शेवटापर्यंत आहे. जठरात वरच्या सगळ्या पेशी श्लेष्मा करतात म्हणून रांग एकसारखी दिसते. आतड्यात मधेमधे फुगलेल्या फिकट गॉब्लेट पेशी येतात आणि मोठ्या आतड्याकडे त्यांची संख्या वाढत जाते, कारण पाणी शोषलं गेल्यावर घट्ट होत जाणाऱ्या मळाला वंगण लागतं. लहान आतड्याचं हे अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं. केमोथेरपीत जुलाब आणि तोंड येणं इतकं का होतं, त्याचं उत्तर यात आहे: औषध भराभर विभागणाऱ्या पेशींना गाठतं, आणि कर्करोगाच्या पेशींखेरीज भराभर विभागणाऱ्या पेशी इथेही असतात.

श्वासनलिकेत एक फसवी रचना आहे. केंद्रकं तीन-चार उंचींवर दिसतात म्हणून थर अनेक वाटतात, पण प्रत्येक पेशीचा पाय आधारपटलावर टेकलेला असतो. म्हणून नाव आभासी स्तरित. वरच्या केसांसारख्या हलत्या पक्ष्माभिका (सिलिया) श्लेष्म्याचा थर धूळ-जंतूंसकट घशाकडे वर ढकलत राहतात. वर्षानुवर्षं बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या श्वासमार्गात ही ऊती जाऊन तिच्या जागी स्तरित पट्टकी येते. ती धुराचा मारा सोसते, पण झाडण्याचं काम तिला येत नाही. श्लेष्मा मग खोकूनच काढावा लागतो.

घासणं जिथे जास्त तिथे स्तरित पट्टकी. त्वचेत वरचे थर केंद्रक गमावून केरॅटिनने भरतात, अन्ननलिकेत आणि गालात वरपर्यंत केंद्रकं दिसतात. हा एकच फरक कोरडी आणि ओली जागा ओळखून देतो. मूत्राशयाची संक्रमणी (ट्रान्झिशनल) अभिस्तर वेगळी: रिकाम्या मूत्राशयात पाच-सहा थर, भरल्यावर दोन-तीन, आणि वर घुमटाकार मोठ्या पेशी, त्यात कधी दोन केंद्रकं. मूत्र पुन्हा रक्तात झिरपू नये ही जबाबदारी त्यांची.

संयोजी: पेशीपेक्षा मधलं महत्त्वाचं

इथे पेशीकडे नंतर बघायचं, आधी मधला पदार्थ. तो मऊ आणि पाणीदार असला तर विरल ऊती, तंतूंनी गच्च असला तर स्नायुरज्जू, रबरासारखा घट्ट असला तर कास्थी, क्षारांनी कडक झालेला असला तर अस्थी, द्रव असला तर रक्त. शरीराला कुठे किती कडकपणा हवा, त्याप्रमाणे हा पदार्थ बदलतो. तो तयार करणाऱ्या तंतुकोशिका, म्हणजे फायब्रोब्लास्ट, आणि त्यांची भावंडं.

कोलॅजन तयार करायला 'क' जीवनसत्त्व लागतं. ते न मिळाल्याने खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं आणि भरलेल्या जुन्या जखमासुद्धा उघडायच्या, कारण व्रणातलं कोलॅजन कायम मोडत आणि नव्याने बनत असतं. ब्रिटिश नौदलातला डॉक्टर जेम्स लिंड याने १७४७ मध्ये जहाजावर संत्री-लिंबं देऊन हा आजार हटतो हे दाखवलं. त्याच कोलॅजनचा अतिरेक आपल्याकडच्या दंतचिकित्सकांना रोज दिसतो. सुपारीतल्या अरेकोलीनने तोंडातल्या तंतुकोशिका जादा कोलॅजन बनवतात, गालाच्या अस्तराखालची विरल ऊती तंतुमय आणि ताठ होते, वरचं अभिस्तर पातळ पडतं. तिखट लागलं की आग होते आणि तोंड उघडणं हळूहळू कमी होतं. बोटं उभी एकावर एक धरून तीन तोंडात मावत नसतील तर दाखवून घ्यायला हवं. पुढे यात कर्करोगाचा धोकाही असतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, साधी सुपारी मात्र पानपट्टीवर आजही मिळते आणि ऊतीचं हे नुकसान मुख्यतः तिचंच.

कास्थीत पेशी छोट्या पोकळ्यांत एकेकट्या किंवा जोडीने बसलेल्या असतात. काचाभ कास्थी गुळगुळीत निळसर, तंतू दिसत नाहीत: नाक, श्वासनलिकेची कडी, सांध्यांची टोकं. लवचिक कास्थी कानाच्या पाळीच्या वरच्या भागात आणि घशातल्या झाकणात. कान मुडपून सोडा, लगेच जागेवर येतो. तंतुमय कास्थी मणक्यांमधल्या चकतीत आणि गुडघ्यातल्या गादीत, तिथे गुलाबी कोलॅजनच्या जुडग्यांमध्ये पेशींच्या रांगा असतात. कास्थीत रक्तवाहिन्या नाहीत. त्यामुळे हाताचं मोडलेलं हाड काही आठवड्यांत जुळतं आणि गुडघ्यातली झिजलेली कास्थी जवळजवळ भरून येत नाही. सांधेदुखीवर 'कास्थी पुन्हा वाढवणारी' म्हणून विकली जाणारी चूर्णं घेण्याआधी एवढं आठवावं.

हाडाच्या स्लाइड्स दोन प्रकारच्या. घासून पातळ केलेल्या स्लाइडमध्ये रक्तवाहिन्या नेणाऱ्या हॅवर्शियन नलिकांभोवतीची वर्तुळं आणि काळ्या पोकळ्यांतून निघणारे केसांएवढे मार्ग दिसतात, पण पेशी नसतात. आम्लाने क्षार काढून केलेल्या स्लाइडमध्ये पेशी दिसतात, सूक्ष्म मार्ग पुसट होतात. काळ्या पोकळ्या म्हणजे पेशी असं लिहू नका, त्या पेशींच्या सोडलेल्या जागा आहेत.

रक्ताला संयोजी म्हणणं पटत नाही अनेकांना. पण पेशी विखुरलेल्या आणि मधला पदार्थ, म्हणजे प्लाझ्मा, निम्म्याहून जास्त, ही अट रक्त पूर्ण करतं. रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला पातळ थर, करताना एच अँड ई वापरत नाहीत. आपल्याकडे बहुतेक लॅबमध्ये लिशमन स्टेन असतो. डेंग्यूच्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी असलेल्या प्लेटलेट या पूर्ण पेशी नसतात, अस्थिमज्जेतल्या महाकाय पेशींचे ते तुकडे. दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख हा साधारण पल्ला. यंत्राने आकडा फार कमी दाखवला आणि रुग्ण ठीक दिसत असेल तर स्मिअर बघायला सांगतात, कारण नळीत प्लेटलेट गुठळ्या करून बसल्या तर यंत्र त्यांना मोजत नाही.

स्नायू आणि चेता

स्नायूंचं थोडक्यात सांगता येतं. पट्टकी: लांब नळकांड्या, आडवे पट्टे, अनेक केंद्रकं कडेला सरकलेली. हृद् स्नायू: पट्टे आहेत, पण पेशींना फाटे फुटलेले, केंद्रक मध्यात, आणि दोन पेशींच्या सांध्यावर गडद आडवी रेघ. या रेघेतून विद्युत निरोप पेशीतून पेशीत जातो, म्हणून हृदय एकजुटीने आकसतं. अपट्टकी: दोन्ही टोकांना निमुळती पेशी, पट्टे नाहीत, मध्ये एक केंद्रक. आतडं, रक्तवाहिन्या, गर्भाशय इथे ही असते. झटक्याने मरणाऱ्या हृद्पेशींची जागा नव्या पेशी घेत नाहीत, व्रणाची संयोजी ऊती घेते. ती आकुंचन पावत नाही. हार्ट अटॅकमधून वाचलेल्या माणसाच्या हृदयाचं पंपिंग कमी का होतं ते एवढ्यावरून कळावं. आकुंचन सोडायलासुद्धा एटीपी हे पेशीचं इंधन लागतं. मृत्यूनंतर ते संपतं, अ‍ॅक्टिन-मायोसिन ही स्नायूतली प्रथिनं एकमेकांना धरून बसतात आणि शरीर ताठरतं.

चेता ऊतीत चेतापेशी लक्ष वेधून घेतात, पण त्यांना सांभाळणाऱ्या ग्लाया पेशी बघायला विसरू नका. त्यातल्याच काही पेशी चेतापेशीच्या लांब शेपटीवर, म्हणजे अक्षतंतूवर, मायलिनचं चरबीयुक्त वेष्टन घालतात. जाड मायलिनच्या तंतूत निरोप सेकंदाला १०० मीटरहून वेगाने जाऊ शकतो, मायलिन नसलेल्या तंतूत सेकंदाला एक-दोन मीटरच. तव्याला बोट लागल्यावर आधी टोचल्यासारखी तीक्ष्ण वेदना आणि क्षणभराने पसरणारी जळजळ, असे दोन टप्पे जाणवतात ते यामुळे. कुष्ठरोगाचा जंतू हातापायांतल्या चेतांवर मायलिन घालणाऱ्या श्वान (Schwann) पेशींतच घर करतो. बोटं झडतात ती जंतूने खाल्ल्यामुळे नव्हे. वेदना कळेनाशी झाल्यावर भाजणं-कापणं लक्षात येत नाही, जखमा चिघळत राहतात, म्हणून. कापली गेलेली चेता नीट जोडली तर साधारण दिवसाला एक मिलिमीटर या वेगाने वाढते, हे मनगट कापलेल्या रुग्णाला आधीच सांगितलेलं बरं.

जिथे हमखास चुकतं

स्पॉटरला सर्वाधिक घोळ तीन गुलाबी, समांतर रेघांच्या स्लाइड्समध्ये होतो: स्नायुरज्जू, उभा कापलेला अपट्टकी स्नायू आणि उभी कापलेली चेता. स्नायुरज्जूत केंद्रकं थोडी, बारीक, गडद आणि रांगेत, दोन गुलाबी पट्ट्यांच्या मधे. गुलाबी भाग पेशीबाहेरचा आहे. अपट्टकी स्नायूत केंद्रकं पुष्कळ, बोथट टोकांची आणि गुलाबी पेशीच्या आत. आकसलेल्या पेशीत ती मळसूत्रासारखी वळलेली दिसतात. चेतेत मायलिनमधली चरबी धुऊन गेल्याने फेसासारखा पोत, नागमोडी केंद्रकं आणि सगळ्याभोवती एक वेष्टन. केंद्रक गुलाबी भागाच्या आत की बाहेर, हा एक प्रश्न निम्मा घोळ सोडवतो.

फुप्फुस आणि चरबी दोन्हींत पांढरी भोकं असतात. फुप्फुसाच्या भिंतींत तांबड्या पेशी आणि मधे श्वासनलिकेच्या शाखा सापडतात. चरबीत गोल एका मापाचे आणि केंद्रक कडेला चेपलेलं. मूत्राशय आणि अन्ननलिका यांत शंका आली तर सर्वांत वरची पेशी बघा, घुमटाकार की चपटी. आडव्या कापात स्नायू असेल तर केंद्रक मध्ये की कडेला, एवढंच तपासा. ओळख पटली की पेपरवर दोन ठोस खुणा लिहा. नुसतं नाव लिहिणाऱ्याला परीक्षक नशीबवान समजतात.

बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला तर

डॉक्टरांशी बोलण्याआधी रिपोर्ट वाचून घाबरून जाण्यापेक्षा ऊतीचा गट शोधा. कार्सिनोमा म्हणजे अभिस्तरातून निघालेला कर्करोग. त्याच्या आधी स्क्वॅमस असेल तर पट्टकी पेशी, अ‍ॅडिनो असेल तर ग्रंथी. सार्कोमा हाड, चरबी, स्नायू अशा ऊतींतून निघतो. 'इन सिटू' लिहिलं असेल तर बिघडलेल्या पेशींनी आधारपटल ओलांडलेलं नाही. रक्तवाहिन्या त्या पटलाच्या पलीकडे असल्याने हा फरक उपचारात फार मोठा ठरतो. मेटाप्लेझिया म्हणजे एका प्रकारच्या ऊतीची जागा दुसऱ्या प्रकारच्या नीट वाढलेल्या ऊतीने घेणं, जसं धूम्रपान करणाऱ्याच्या श्वासमार्गात. तो कर्करोग नव्हे. डिस्प्लेझियात पेशींची मांडणी आणि केंद्रकं बिघडलेली असतात आणि त्याची पायरी किती हे विचारावं लागतं.

कधीकधी एच अँड ईवर पेशी इतक्या बिघडलेल्या असतात की मूळ ऊती ओळखू येत नाही. तेव्हा इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशीतली ठरावीक प्रथिनं शोधणारी तपासणी, करतात: सायटोकेरॅटिन आलं तर अभिस्तराकडे बोट, डेस्मिन आलं तर स्नायूकडे. रिपोर्टमध्ये हे शब्द पुढे अधिक किंवा वजा चिन्ह लावून येतात, आणि एका चिन्हावरून निष्कर्ष काढत नाहीत, संच बघतात.

दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही. मूळ लॅबमधून स्लाइड्स आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या; मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी ते तपासूनच मत देतात, नवे काप घेऊन नवे रंगही करतात. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळतो ना ते लॅबच्या खिडकीवरच बघा, आणि प्रवासात ते उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं.